अँग्लिकन पॅरिशच्या उपासनेतील संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिशच्या, म्हणजे एका परिसरातील स्थानिक चर्चच्या, उपासनेला नव्याने येऊ लागलेले, गायनवृंदात नुकतेच सामील झालेले आणि पॅरिश परिषदेवर निवडून आल्यावर संगीताचा विषय अंगावर पडलेले, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. येथे दिलेले नियम आणि दाखले चर्च ऑफ इंग्लंडमधील आहेत. अँग्लिकन परिवारातील इतर प्रांतांचे कायदे त्यांचे त्यांचे आहेत.

उपासनेत संगीत असलेच पाहिजे असा काही नियम आहे का?

नाही. १६६२च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेअर'मधील सकाळची प्रार्थना, सायंप्रार्थना आणि प्रभुभोजन या तिन्ही उपासना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नुसत्या म्हणता येतात, आणि त्यामुळे त्या तसूभरही अपुऱ्या ठरत नाहीत. अनेक पॅरिशमध्ये रविवारी सकाळी आठची प्रभुभोजनाची उपासना आजही एकही सूर न लागता पार पडते, व तिला येणारी मंडळी बहुधा त्याचसाठी येते. या उपासनेकडे 'संगीताची सोय न झालेली' म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग संगीताचे काम नेमके काय?

अँग्लिकन परंपरेत संगीत हे शब्दांच्या सेवेत असते, आणि ही भूमिका परंपरेच्या अगदी मुळापासूनची आहे. १५४४मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी इंग्रजी लितानी (पुढाऱ्याची विनंती आणि लोकांचे उत्तर अशा रीतीने म्हणायची प्रार्थना) तयार केली, तेव्हा आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे मत मांडले की उपासनेचे गायन सुरांनी गच्च भरलेले नसावे, तर शक्य तेथवर एका अक्षरावयवाला एकच सूर असावा, म्हणजे शब्द स्पष्ट आणि भक्तिभावाने उच्चारता येतील. इंग्रजी प्रार्थनापुस्तक १५४९मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी जॉन मर्बेक यांनी त्यातील मजकुराला नेमक्या याच पद्धतीच्या साध्या, एकाच सुरावटीच्या चाली लावून पुस्तक छापले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १५५९च्या आज्ञापत्रातही हाच धागा आहे: गायन असे असावे की ते न गाता वाचले असते तर जितके कळले असते तितकेच ते कळावे. मात्र त्याच आज्ञापत्राने, संगीताची आवड असणाऱ्यांच्या समाधानासाठी, प्रार्थनेच्या आरंभी किंवा शेवटी उत्तम चालीतले एखादे भक्तिगीत गाण्यास मुभा दिली. पुढच्या साडेचारशे वर्षांतील बहुतेक वाद या दोन वाक्यांमधल्या जागेत झाले आहेत.

व्यवहारात पाहिले तर पॅरिशमध्ये संगीत काही ठरावीक कामे करते. शंभर वेगवेगळ्या वेगांनी बोलणाऱ्या माणसांना ते एका श्वासात आणते. म्हटलेला मजकूर विसरला जातो, पण गायलेला लक्षात राहतो, आणि म्हणून सामान्य उपासकाचे धर्मज्ञान पुष्कळदा प्रवचनांपेक्षा भक्तिगीतांतून घडलेले असते. शिवाय मिरवणूक येत असताना, अर्पण गोळा होत असताना किंवा लोक प्रभुभोजनासाठी पुढे जात असताना जो वेळ अन्यथा नुसत्या हालचालीत गेला असता, त्याला संगीत प्रार्थनेचे रूप देते. यांपैकी एकही काम होत नसेल, तर ते गायन कितीही सुरेल असो, ते उपासनेच्या मध्ये येते.

कॅथीड्रलमध्ये ऐकलेले आणि आपल्या पॅरिशमध्ये होणारे संगीत इतके वेगळे का?

कारण दोन्हींची बांधणीच वेगळी आहे. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या व सायंकाळच्या प्रार्थनेतील तिसऱ्या कलेक्टनंतर (कलेक्ट म्हणजे छोटी ठरावीक प्रार्थना) एक छोटी सूचना येते: ज्या क्वायरमध्ये व ज्या ठिकाणी गायन होते, तेथे आता अँथेम (वृंदाने गायची भक्तिपर रचना) येईल. म्हणजे काही ठिकाणी गायन होते आणि काही ठिकाणी होत नाही, हे पुस्तकाने गृहीतच धरले आहे. कॅथीड्रले, राजघराण्याची चॅपेल आणि काही महाविद्यालये ही 'गायन होणारी ठिकाणे' होती. तेथे पगारी गायक होते, गायक मुलांसाठी शाळा होत्या आणि उपासना रोजची होती. टॅलिस, बर्ड, गिबन्स या संगीतकारांचे संगीत त्या गायकांसाठी लिहिले गेले. कॅथीड्रलच्या सायंप्रार्थनेत मरीयेचे आणि शिमोनाचे स्तोत्र गायनवृंद गातो, आणि बाकीचे लोक ऐकत ऐकत प्रार्थना करतात. ती सहभागाची एक खरीखुरी रीत आहे.

पॅरिशची रीत निराळी. तेथे गाणारा मुख्य घटक मंडळी आहे आणि गायनवृंद तिचा आधार आहे. गायनवृंदाने एखादे अँथेम स्वतंत्रपणे गावे, त्यात काहीच गैर नाही. परंतु सात जणांच्या वृंदाने बारा जणांसाठी लिहिलेली रचना दर रविवारी कशीबशी ओढून न्यावी आणि मंडळीने ती सहन करावी, यात कोणाचेच भले नाही.

भक्तिगीते पहिल्यापासूनच अँग्लिकन उपासनेत होती का?

आज आपण ज्या प्रमाणात गातो त्या प्रमाणात मुळीच नव्हती. सुमारे अडीचशे वर्षे पॅरिशचे गाणे म्हणजे बायबलमधील स्तोत्रसंहितेची छंदोबद्ध केलेली स्तोत्रे. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा संपूर्ण संग्रह १५६२मध्ये निघाला. टेट आणि ब्रेडी यांचा 'नवा अनुवाद' १६९६मध्ये आला. पुष्कळांना वाचता येत नसल्यामुळे पॅरिशचा क्लार्क एक ओळ मोठ्याने वाची, मग मंडळी ती ओळ गाई, मग पुढची ओळ. चाल इतकी संथ होई की वाक्याचा अर्थ मध्येच हरवून जाई. संगीत शब्दांची सेवा करील या अपेक्षेचा यापेक्षा मोठा विपर्यास क्वचितच झाला असेल.

बायबलबाहेरच्या, माणसांनी रचलेल्या गीतांविषयी संशय दीर्घकाळ टिकला. चार्ल्स वेस्ली अखेरपर्यंत अँग्लिकन धर्मगुरू होते, ऑल्नी येथील जॉन न्यूटन हेही त्याच चर्चचे पाळक होते, आणि तरीही त्यांची गीते प्रथम रुजली ती प्रार्थनापुस्तकाच्या रविवारच्या उपासनेपेक्षा इतर सभांमधून. हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. शेफिल्डच्या सेंट पॉल चर्चचे थॉमस कॉटरिल यांनी स्वतःचा गीतसंग्रह वापरात आणला, तेव्हा काही पॅरिशवासीयांनीच त्यांच्यावर दावा लावला. १८२०मध्ये यॉर्कच्या धर्मन्यायालयात गीतांच्या कायदेशीरपणाविषयी शंका व्यक्त झाली खरी, पण सर्वत्र रूढ झालेली गोष्ट दडपण्याची इच्छा कोणालाच नव्हती. अखेर यॉर्कच्या आर्चबिशपांनी मध्यस्थी केली आणि जुना संग्रह मागे घेऊन त्यांच्या संमतीने नवा काढण्यात आला. तेथून पुढे दार उघडले ते उघडलेच. १८६१मध्ये २७३ गीतांचा 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' आला. त्याचे संगीत संपादक विल्यम हेन्री मंक होते, आणि गीत व चाल एकाच पानावर छापण्याची त्याची पद्धत पुढे सर्वमान्य झाली. १९०६च्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये संपादक पर्सी डिअरमर आणि संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी इंग्रजी लोकगीतांच्या चाली भक्तिगीतांना जोडल्या. आज 'जुनी परंपरा' म्हणून ज्यांचे रक्षण केले जाते, त्यांतल्या कित्येक गोष्टी अशा रीतीने त्या काळच्या नव्या गोष्टी होत्या.

गायनवृंद झगे घालून वेदीच्या जवळ बसतो, ही प्रथा मध्ययुगीन आहे का?

पॅरिशपुरती ती १९व्या शतकातली आहे. त्याआधी, साधारण १८व्या शतकाच्या मध्यापासून, गावोगावच्या चर्चमध्ये गाणारे व वाजवणारे लोक पश्चिमेकडील सज्जात बसत. व्हायोलिन, बसून, क्लॅरिनेट, कुठे कुठे सापासारखे वळलेले सर्पेंट नावाचे वाद्य, आणि गावातल्याच कारागिरांनी रचलेल्या चाली असा तो थाट असे. स्तोत्र सुरू झाले की मंडळी उठून सज्जाकडे तोंड करून उभी राहत असे. १८३३पासून पसरलेल्या, चर्चच्या प्राचीन उपासनापरंपरेकडे वळू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीला आणि एकूणच व्हिक्टोरियन नीटनेटकेपणाला हे रुचले नाही. १८४१मध्ये पुन्हा बांधून झालेल्या लीड्सच्या पॅरिश चर्चमध्ये वॉल्टर हुक यांनी कॅथीड्रलच्या धर्तीचा झगेधारी वृंद चॅन्सेलमध्ये, म्हणजे वेदीजवळच्या भागात, बसवला, पुढच्या वर्षी सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली तेथे ऑर्गनवादक म्हणून आले, आणि तो नमुना देशभर उचलला गेला. सज्जे पाडले गेले. हार्मोनियम किंवा ऑर्गन आले आणि जुने वादक घरी बसले.

यात मिळाले तसे गेलेही. गायनात शिस्त आली, पण उपासनेतले संगीत गावकऱ्यांच्या हातून निसटून एका वादकाच्या आणि पाळकाच्या हाती गेले. माझ्या मते आजच्या अनेक पॅरिशमध्ये दिसणारी 'गाणे हे वृंदाचे काम' ही समजूत याच बदलाची शिल्लक आहे.

अँग्लिकन पद्धतीने स्तोत्र गाताना सगळे नेमके केव्हा सूर बदलतात?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवागत विचारतो, आणि तो रास्त आहे. स्तोत्रांतील वचने समान मात्रांची नसतात. एखादे चार शब्दांचे, तर पुढचे वीस शब्दांचे असते. त्यामुळे नेहमीच्या गाण्याची चाल त्यांना लागू होत नाही. अँग्लिकन चँटमध्ये यावर तोड अशी काढली आहे. एकेरी चालीत दहा स्वरमेळ असतात. वचनाच्या पहिल्या अर्ध्या भागाला चार आणि दुसऱ्या अर्ध्या भागाला सहा. दुहेरी चालीत वीस असतात आणि तिच्यात दोन वचने बसतात. प्रत्येक भागाचा पहिला स्वर हा पाठाचा स्वर. त्या एकाच स्वरावर हवे तितके शब्द बोलण्याच्या ओघात म्हणायचे, आणि शेवटच्या काही अक्षरावयवांवर उरलेले स्वर घ्यायचे. हा बदल कोठे करायचा ते छापील मजकुरात उभ्या रेषांनी दाखवलेले असते. या खुणा करण्याला पॉइंटिंग म्हणतात, आणि वेगवेगळ्या स्तोत्रपुस्तकांत ती वेगवेगळी असते, म्हणून एका बाकावर दोन प्रकारची पुस्तके ठेवू नयेत.

हमखास होणारी चूक अशी की पाठाच्या स्वरावरचे शब्द घाईने उरकले जातात, रेषेशी आल्यावर एका अवयवावर जोर आदळतो, आणि मग उरलेले सूर रेंगाळत गायले जातात. उपाय साधा आहे. सरावात आधी संपूर्ण वचन सर्वांनी मिळून, अर्थाप्रमाणे थांबत, नुसते वाचावे, आणि मग त्याच वेगाने गावे. चाल शेवटी शिकवावी. अशा रीतीने शिकलेले स्तोत्र मंडळीलाही हळूहळू गाता येते. ते न जमल्यास एका ओळीचे ध्रुवपद मंडळीने आणि वचने वृंदाने किंवा एका गायकाने गाण्याचा मार्ग आहेच.

प्रभुभोजनाच्या उपासनेत कोणते भाग गायले जातात?

भक्तिगीते सोडल्यास मुख्यतः कायरी ('प्रभो, दया कर'), ग्लोरिया ('देवाला गौरव'), बेनेडिक्टससह ('येणारा धन्य असो') सँक्टस ('पवित्र, पवित्र, पवित्र') आणि आग्नुस देई ('देवाचा कोकरा'). १५५२च्या प्रार्थनापुस्तकाने यांतील आग्नुस देई आणि बेनेडिक्टस वगळले व ग्लोरिया उपासनेच्या शेवटी नेले, आणि १६६२च्या पुस्तकातही ती मांडणी कायम राहिली. हे भाग पुन्हा सर्रास गायले जाऊ लागले ते पुढच्या काळात. विस्मृतीत गेलेले मर्बेक यांचे संगीत १९व्या शतकात वर आले आणि २०व्या शतकात पॅरिशचे प्रभुभोजन ही रविवारची मुख्य उपासना झाली तेव्हा असंख्य मंडळ्यांना ते तोंडपाठ झाले. नंतर आधुनिक इंग्रजीतील मजकूर आले, १९८०चे 'ऑल्टर्नेटिव्ह सर्व्हिस बुक' आणि २०००चे 'कॉमन वर्शिप', आणि शब्द बदलल्याने जुने स्वरलेखन त्यांवर बसेना. त्यामुळे आज पॅरिशने नवी स्वररचना शिकावी, की संगीतासाठी जुना मजकूर ठेवावा, हा निर्णय करावा लागतो. दोन्ही चालतात. दर दोन महिन्यांनी रचना बदलणे मात्र चालत नाही. मंडळीला एक स्वररचना अंगवळणी पडायला बरेच महिने लागतात.

आगमनकाळात (नाताळआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) काय बदलते?

ग्लोरिया गायले जात नाही, आणि उपवासकाळात 'आलेलूया' येणारी गीतेही बाजूला ठेवतात. काही पॅरिशमध्ये पवित्र सप्ताहाच्या अखेरच्या दिवसांत ऑर्गनही बंद असतो. आगमनकाळातच नाताळची गीते संपवून टाकण्याचा मोह सर्वत्र असतो. नऊ पाठ आणि कॅरोल यांची उपासना बहुतेक ठिकाणी नाताळच्या आधीच होते, त्यामुळे हा किल्ला पूर्णपणे राखणे अवघड आहे. ही उपासना १८८०मध्ये ट्रुरो येथे बिशप एडवर्ड बेन्सन यांनी घडवली, आणि १९१८मध्ये एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये आणली.

संगीताचा अंतिम निर्णय कोणाचा असतो: पाळकांचा, ऑर्गनवादकाचा की परिषदेचा?

चर्चच्या कायद्यातील कॅनन (कलम) बी २०मध्ये याचे उत्तर स्पष्ट आहे. ऑर्गनवादक किंवा संगीत संचालक यांची नेमणूक पाळक करतात आणि तिला पॅरिश परिषदेची संमती लागते. चाली, गीते, अँथेम निवडताना पाळकांनी संगीत संचालकाच्या सल्ल्याची योग्य ती दखल घ्यावी, परंतु अंतिम जबाबदारी आणि निर्णय पाळकांचाच. निवडलेले शब्द आणि संगीत दोन्ही उपासनेला शोभणारे असावेत, हे पाहणेही त्यांचेच कर्तव्य आहे.

नियम वादाच्या वेळी उपयोगी पडतो; रोजच्या कामात मात्र तो उगारण्याची वेळ आली तर काहीतरी आधीच बिघडलेले असते. पाळकांनी गीतांची यादी शनिवारी रात्री पाठवायची आणि वादकाने रविवारी सकाळी कुरकुरत वाजवायची, हा प्रकार अनेक चर्चमध्ये चालतो. तीन महिन्यांतून एकदा दोघांनी एकत्र बसून पुढच्या रविवारांचे ठरवावे. 'कॉमन वर्शिप'चा पाठक्रम (कोणत्या रविवारी बायबलमधील कोणते उतारे वाचायचे त्याची यादी) तीन वर्षांचा व आधीच छापलेला असल्यामुळे यात अडचण नाही.

गीतांच्या खाली ८.६.८.६ असे आकडे का असतात?

ते प्रत्येक ओळीतील अक्षरावयवांची संख्या सांगतात. ८.६.८.६ला कॉमन मीटर म्हणतात, ८.८.८.८ला लाँग मीटर आणि ६.६.८.६ला शॉर्ट मीटर. आकडे जुळले तर एका गीताला दुसऱ्या गीताची चाल लावता येते. नवे गीत ओळखीच्या चालीवर शिकवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय. मात्र आकडे जुळले म्हणजे आघात जुळतातच असे नाही. पश्चात्तापाच्या गीताला विजयी चाल लागली तर आकडे काहीच तक्रार करणार नाहीत. म्हणून पहिले कडवे आणि शेवटचे कडवे आधी गाऊन पाहावे. त्याच वेळी चालीतला सर्वांत उंच सूरही पाहावा. सकाळच्या उपासनेत तो डी किंवा ई फ्लॅटच्या वर गेला, तर पुरुष मंडळी खालच्या सप्तकात उतरते किंवा गप्प बसते.

ऑर्गन नसेल तर? आणि असलेला काढता येतो का?

ऑर्गन आवश्यक नाही. त्याचा इतिहासही अखंड नाही: १६४४मध्ये संसदेच्या वटहुकुमाने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा आदेश दिला होता, आणि १६६०नंतरही बहुतेक ग्रामीण पॅरिशना दीर्घकाळ ऑर्गन परवडला नाही. पियानोवर किंवा एकाच चांगल्या गायकाच्या आधाराने वाद्याविना उत्तम गायन होते. तरीही मोठ्या मंडळीला आधार देण्यात ऑर्गनला तोड नाही, कारण त्याचा सूर माणसाच्या आवाजासारखा धरून ठेवता येतो. वादकाने येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. सुरुवातीला वाजवलेल्या ओळीचा वेग तोच गाण्याचा वेग असावा, आणि दोन कडव्यांमधला विराम दर वेळी सारखाच असावा. तो एकदा लांबला की पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर मंडळी विखुरते. खर्जातले जड स्टॉप (नळ्यांचे संच) भरमसाट उघडण्यापेक्षा ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपल स्टॉप मंडळीला अधिक स्पष्ट वाट दाखवतात.

पाइप ऑर्गन हलवणे, काढणे किंवा मोठी दुरुस्ती करणे यासाठी डायोसीसच्या (बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या) चॅन्सेलरची, म्हणजे तेथील धर्मन्यायाधीशाची, फॅकल्टी म्हणजे परवानगी लागते. परिषदेचा ठराव पुरेसा नाही.

गिटार-ड्रमची नवी गीते आणि जुनी गीते एकाच उपासनेत बसतात का?

बसतात, पण कसोटी वाद्यांची नसावी. पाहायचे ते हे की गीत मंडळीला गाता येते का. बरीच नवी गीते एका प्रशिक्षित आवाजासाठी लिहिलेली असतात. त्यांतली अर्ध्या मात्रेवरची सुरुवात, मधले वाद्यवादन आणि मनाला येईल तितक्या वेळा परतणारे ध्रुवपद यांमुळे लोक ऐकू लागतात. असे झाले की वाद्यमेळ आणि उत्तम दर्जाचा झगेधारी वृंद यांच्यात, मंडळीपुरता तरी, काही फरक उरत नाही. दुसऱ्या बाजूने, दीडशे वर्षे जुने आहे एवढ्यावरून कोणतेही गीत चांगले ठरत नाही, आणि व्हिक्टोरियन संग्रहांतली बरीच गीते विसरली गेली ती योग्यच झाले.

आमच्या वृंदात चारच जण उरले आहेत. वृंद बंद करावा का?

करू नये. चौघांनी चार आवाजांत गाण्याचा हट्ट मात्र सोडावा. एकसुरात, खणखणीत शब्दोच्चारांनी गाणारे चार जण मंडळीच्या मधोमध बसले तर गायन लगेच सुधारते. सिडनी निकल्सन यांनी १९२७मध्ये सुरू केलेली आणि आज रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक म्हणून ओळखली जाणारी संस्था लहान वृंदांसाठीही साहित्य व प्रशिक्षण देते. मुलींना घेण्याविषयीही प्रश्न येतो. मुलग्यांच्याच वृंदांची परंपरा असलेल्या कॅथीड्रलांपैकी सॉल्सबरीने १९९१मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद उभा केला. पॅरिशमध्ये तर स्त्रिया आणि मुली त्याच्या कितीतरी आधीपासून गात आहेत.

लॅटिन अँथेम गायलेले चालते का?

चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धातत्त्वांच्या एकोणचाळीस कलमांपैकी चोविसावे कलम लोकांना न समजणाऱ्या भाषेत सार्वजनिक प्रार्थना करण्यास विरोध करते. तरी वृंदाने लॅटिन अँथेम गाणे सर्वत्र रूढ आहे. छापील पत्रिकेत अर्थ द्यावा, म्हणजे कलमाचा हेतू राखला जातो.

गीतांचे शब्द पत्रिकेत छापायला किंवा पडद्यावर दाखवायला परवानगी लागते का?

हक्क चालू असतील तर लागते. ब्रिटनमध्ये स्वामित्वहक्क लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत राहतो, आणि शब्द व चाल यांचा हिशोब वेगवेगळा होतो. सर्व संतांच्या सणाला सर्वत्र गायल्या जाणाऱ्या 'फॉर ऑल द सेंट्स'चे शब्द विल्यम वॉल्शम हाउ यांचे आहेत. ते १८९७मध्ये वारले, त्यामुळे शब्द कोणीही छापावेत. त्याची 'साइनी नॉमिनी' ही चाल व्हॉन विल्यम्स यांची. ते १९५८मध्ये वारले, म्हणून स्वरलेखनाची छायाप्रत काढायची तर २०२८च्या अखेरपर्यंत परवानगी हवी. बहुतेक पॅरिश यासाठी सीसीएलआय या चर्चना स्वामित्वहक्काचे परवाने देणाऱ्या संस्थेचा वार्षिक परवाना घेतात. शब्दांचा परवाना आणि स्वरलेखनाच्या छायाप्रतींचा परवाना वेगवेगळे असतात, हे अर्ज भरताना पाहावे. परवान्याचा क्रमांक पत्रिकेच्या तळाशी छापावा, आणि कोणती गीते वापरली याची नोंद ठेवण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे द्यावे.